‘इन्टू द वाइल्ड’: एक विचार

तरुणाच्या अकालीं मृत्यूवर लिहितांना लेखकापुढें दोन मोह उभे राहतात: त्याला मूर्ख ठरविण्याचा किंवा हुतात्मा ठरविण्याचा. जॉन क्राकॉअर यांनीं ‘इन्टू द वाइल्ड’ (१९९६) या ग्रंथांत पहिला मोह सर्वस्वीं टाळला आहे; दुसरा मात्र त्यांना पुरता टाळतां आलेला नाहीं.

कथानायक ख्रिस्तोफर मॅक्कँडलेस हा सुखवस्तु घरांतील पदवीधर. शिल्लक दान करून व आप्तांशीं संबंध तोडून त्यानें दोन वर्षें भटकण्यांत घालविलीं. एप्रिल १९९२ मध्यें तो अलास्कांतील देनाली उद्यानाच्या सीमेलगतच्या अरण्यांत एकटाच शिरला. जवळ सुमारें दहा पौंड तांदूळ, एक हलकी बंदूक व कांहीं पुस्तकें. पडीक बसगाडींत त्यानें बिऱ्हाड केलें. जुलैच्या आरंभीं तो परत निघाला, तों येतांना सहज ओलांडलेली टेक्लानिका नदी बर्फ वितळून दुथडी भरलेली! तो मागें फिरला व ऑगस्टांत उपासमारीनें मरण पावला.

पुढें लेखक स्वतः तेथें गेले. त्यांच्यापाशीं त्या प्रदेशाचा सविस्तर नकाशा होता. त्यावरून त्यांना मैलाच्या आंतच नदीवर ताणलेली लोखंडी तार व तिच्यावरचा पाळणा सांपडला आणि त्यांतून ते सुखरूप पार झाले. ग्रंथांतील हें सर्वांत मर्मभेदक स्थळ. परंतु त्याचा निष्कर्ष काढण्यास लेखकाचें मन धजत नाहीं. कोरा प्रदेश जगांत उरला नाहीं म्हणून या तरुणानें नकाशाच टाकून दिला, असें मोहक समर्थन ते करतात. मरणाचें कारण रानबटाट्याच्या बियांत शोधण्याचा त्यांचा खटाटोपही मोठा. आणि त्या बियांविषयींचें मत त्यांना पुढें अनेकदां बदलावें लागलें. स्वतःच्या तारुण्यांतील एकाकी गिर्यारोहणाचीं प्रकरणें त्यांनीं मध्यें घातलीं आहेत, तीं सुंदर आहेत. पण सहानुभूतीचा उगम तेथें आहे, तसाच दोषाचाही.

आमच्या मतें स्वावलंबन म्हणजे साधनांचा त्याग नव्हे. जेथें हांक ऐकणारा कोणी नाहीं, तेथें नदी केव्हां फुगते, शिदोरी किती दिवस पुरेल, परतीची दुसरी वाट कोणती, हें आधीं जाणणें हेंच स्वावलंबन. नकाशा टाकणारा स्वतःवर नव्हे, दैवावर विसंबतो. शिवाय ज्या बसगाडीनें त्याला आसरा दिला, तीही दुसऱ्यांनींच तेथें नेऊन ठेवलेली होती.

हा वाद केवळ वाङ्मयीन नाहीं. ग्रंथ वाचून त्या बसगाडीच्या दर्शनास तरुणांची रीघ लागली; त्याच नदींत २०१० व २०१९ सालीं दोन तरुणींचा अंत झाला. अखेर जून २०२० मध्यें हेलिकॉप्टरनें ती गाडी उचलून न्यावी लागली.

तरीही ग्रंथ वाचनीय आहे. त्याची भाषा संयत असून माता-पित्यांचें दुःख त्यांत अत्यंत हळुवारपणें आलें आहे. घरांतील तरुणांपासून तो लपवूं नये. मात्र त्या नकाशाचें प्रकरण त्यांच्याकडून दोनदां वाचून घ्यावें.