शीळ आणि खूणगाठ

भावकवितेचें आयुष्य कवीच्या तारुण्याएवढेंच असतें, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वसंत सरला कीं कोकिळेनें मौन धरावें, तसें केस पिकले कीं कवीनें उपदेशाकडे वळावें, अशीच जणूं रसिकांची अपेक्षा! हा समज कितपत खरा, हें पाहण्यासाठीं बुलढाणा जिल्ह्यांतील कवि ना. घ. देशपांडे यांच्याकडे वळावें, असें आम्हांस वाटतें.

१९०९ सालीं जन्मलेल्या या कवीनें मेहकरास वकिली केली आणि मुंबई-पुण्याच्या गजबजाटापासून दूर राहून कविता लिहिली. तरुणपणींची त्यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेनें घरोघर पोंचली. परंतु त्याच नांवाचा पहिला संग्रह निघाला तो १९५४ सालीं, पंचेचाळिशींत! पुढें १९६३ सालीं 'अभिसार' आला, आणि मग तब्बल बावीस वर्षांनीं, १९८५ सालीं, 'खूणगाठी'. साहित्य अकादमीनें १९८६ सालीं गौरविला तो हा उतारवयांतील संग्रह.

या दोन नांवांतच एका आयुष्याचा प्रवास आम्हांस दिसतो. शीळ वाऱ्यावर सोडून द्यावयाची असते. ती परत येईल कीं नाहीं, याची चिंता घालणाऱ्यास नसते. त्या गीताची नायिका प्रियकरास वेळेचें भान नाहीं म्हणून लटकें रागावते. तारुण्यास काळाची पर्वा नसते, हेंच त्याचें ऐश्वर्य. खूणगाठ मात्र विस्मरणाचें भय ज्यास कळलें, तोच पदरास मारतो. भावना आटली, असें नव्हे. काळाशीं तिचें नातें तेवढें पालटलें.

खूणगाठींस शिळेचा गोडवा नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्ही मान्य करतों. आमच्याहि ओठांवर प्रथम 'शीळ'च येते. परंतु ओठांवर येणें हीच काव्याची एकमेव कसोटी मानली, तर मनुष्याच्या उत्तरायुष्यास काव्यांत जागाच उरणार नाहीं.

घरांतील वृद्ध जुनें गाणें ऐकतांना डोळे पुसूं लागले, कीं "आठवण आली असेल" असें म्हणून आपण मोकळे होतों. ती नुसती आठवण नसते. तें त्यांचें आजचें, जिवंत सुखदुःख असतें. एवढें ज्यास उमगलें, त्यास 'खूणगाठी'चें मोल निराळें सांगावें लागणार नाहीं.