‘मास्टर स्विच’विषयी एक तक्रार

जनुकशास्त्रावरच्या मराठी लेखांत एक शब्दप्रयोग हमखास भेटतो: अमुक प्रथिन म्हणजे तमुक अवयवाचा ‘मास्टर स्विच’. बटण दाबलं की दिवा लागला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे पटणं कठीणच. थ्री-फेज नसेल तर स्टार्टर कितीही दाबा, विहिरीवरची मोटर हलत नाही. माझी तक्रार मात्र विजेविषयी नाही, या उपमेविषयी आहे.

स्वायत्त चेतासंस्था घ्या. हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, घाम ही कामं ती आपल्याला न विचारता चालवते. तिच्या गाठींतल्या चेतापेशींच्या पूर्वज पेशी गर्भात मज्जानलिकेच्या वरच्या काठावरून निघतात आणि बरीच वाटचाल करून आपापल्या जागी पोचतात. महाधमनीजवळ आलेल्यांना धमनीकडून बीएमपी प्रथिनांचा संकेत मिळतो. मग त्यांच्यात मॅश1, फॉक्स2बी हे प्रतिलेखन घटक तयार होतात. डीएनएला चिकटून कोणत्या जनुकाची आरएनए प्रत निघावी हे ठरवणारी ही प्रथिनं. उंदरात फॉक्स2बी नसेल तर स्वायत्त गाठी बनतच नाहीत.

इथेच लेखकाला मोह होतो. पण तेच फॉक्स2बी अनुकंपी चेतापेशींना लागतं आणि परानुकंपी पेशींनाही. पहिल्या हृदयाची गती वाढवतात, दुसऱ्या कमी करतात. अनुकंपी पेशींत हँड2, गाटा3 हे जोडीदार येतात तेव्हा नॉरअॅड्रेनलिन बनवण्याची व्यवस्था पक्की होते. एकाच बटणाने पंखा वाढतो आणि मंदावतोही, असं सांगितलं तर वायरमन हसेल.

जागेचंही तसंच. फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी 1970च्या दशकात लाव्याच्या जातीच्या पक्ष्याच्या भ्रूणातल्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात लावल्या. एरवी अधिवृक्क ग्रंथीत गेल्या असत्या अशा पेशी मानेकडच्या भागात ठेवल्यावर आतड्यात उतरल्या आणि तिथल्या चेतापेशी झाल्या.

आणि वेळ? त्यासाठी मुंबईचं काम पाहावं, जरी ते मेंदूवरचं असलं तरी. टीआयएफआरमध्ये शुभा टोळे यांच्या गटाने 2008 साली दाखवलं की उंदराच्या भ्रूणात अगदी आरंभी एलएचएक्स2 हा घटक काढला, तर मेंदूच्या बाह्यकाच्या त्या पेशी वेगळ्याच होतात आणि शेजारच्या निरोगी पेशींनाही हिप्पोकॅम्पस बनवायला लावतात. ती वेळ टळली की हा परिणाम दिसत नाही. 2011 साली त्यांनीच दाखवलं की पुढे हिप्पोकॅम्पसमध्ये तोच घटक चेतापेशी की आधारपेशी, या निवडीत भाग घेतो. आपल्याकडे यावर फार थोडं लिहिलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

उपमा चुकली तर बिघडतं काय? फॉक्स2बीमध्ये अॅलानिन या अमिनो आम्लाची 20 एककांची एक साखळी असते. ती 24 ते 33पर्यंत लांबली, तर झोपेत श्वास पुरेसा चालत नाही असा दुर्मिळ जन्मजात आजार होतो. हे 2003 साली कळलं. इथेही चालू-बंद असा हिशेब नाही. साखळी जितकी लांब, तितका त्रास बहुधा जास्त; 24-25 एककं असलेल्या काहींना तर मोठेपणी, भूल दिल्यावर वगैरे, पहिल्यांदा कळतं. पण ‘स्विच बिघडला’ एवढंच वाचलेलं घर तो कुणाच्या घराण्यातून आला हे शोधत बसतं, आणि शोध आईच्या माहेरी जाऊन थांबतो. बहुतेक मुलांत हा बदल आईत नसतो, वडिलांतही नसतो. तो नव्यानेच घडलेला असतो.