चकतीभोवतीचे वर्तुळ पुरेसे आहे का?

प्रतिजैविकांचा विषय निघाला की एक ठरावीक चित्र समोर येते. काचेच्या बशीत आगरवर जिवाणूंचा थर, त्यावर औषधाची चकती आणि तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ मोठे म्हणजे औषध प्रभावी, असे विद्यार्थी लिहितात आणि आपण गुण देतो. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि भंडारा जिल्ह्यातील शिक्षकांना तर ही उणीव खटकायलाच हवी.

पूर्व विदर्भात दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या कुष्ठरोगाचा जिवाणू या बशीत वाढतच नाही. हॅन्सेन यांनी तो १८७३ मध्ये पाहिला. पण कृत्रिम माध्यमावर तो आजही वाढवता येत नाही. तो राहतो आपल्या भक्षक पेशींत आणि मज्जातंतूंना वेढणाऱ्या पेशींत. ज्यांनी त्याला गिळून संपवायचे, त्यांच्याच घरात त्याचे बिऱ्हाड!

पेशीत राहणाऱ्या इतर अनेक जिवाणूंवर औषध तपासताना प्रयोगशाळेत मानवी पेशी वाढवून त्यांना लागण करतात. बाहेर उरलेले जिवाणू जेंटामायसिनने मारतात. ते पेशीत फारसे शिरत नाही, म्हणूनच येथे उपयोगी पडते. मग नवे औषध घालतात आणि काही काळाने पेशी फोडून आत किती जिवाणू जिवंत आहेत ते मोजतात. म्हणजे बशीत मोठे वर्तुळ देणारे जेंटामायसिन पेशीच्या दाराशीच अडते. औषधाने पेशीपटल ओलांडले पाहिजे, आत टिकले पाहिजे आणि पेशीला इजाही करता कामा नये.

कुष्ठरोगाच्या जिवाणूची संख्या दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. १९६० मध्ये शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला. या चाचणीला अनेक महिने लागतात. पण तिनेच १९६४ मध्ये सिद्ध केले, की काही जिवाणू डॅप्सोनला दाद देत नाहीत. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली.

म्हणून चित्र काढून टाकू नये. त्याखाली एक प्रश्न वाढवावा: ‘जिवाणू पेशीच्या आत असेल तर?’ बधिर चट्ट्याच्या रुग्णाला सहा किंवा बारा महिने गोळ्या का घ्याव्या लागतात आणि मध्येच का सोडायच्या नसतात, याचे उत्तर विद्यार्थी मग स्वतःच शोधू लागतील.