'७५ टक्के' नेमके कशाचे?

वन्यजीव आणि रोग या विषयावरचा कुठलाही सिनॉप्सिस उघडा, पहिल्या परिच्छेदात एक वाक्य भेटतंच: 'नव्याने उद्भवणाऱ्या रोगांपैकी ७५ टक्के वन्यप्राण्यांकडून येतात.' माझ्याही सिनॉप्सिसमध्ये होतं. प्रेझेंटेशनला एका सरांनी विचारलं, "कशाचे ७५ टक्के?" मी गप्प. संदर्भ म्हणून दिलेल्या दोन्ही पेपरचे मी फक्त सारांश वाचले होते.

मग दोन्ही नीट वाचले. ७५ चा आकडा टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या पेपरमधला. माणसाला रोग देणाऱ्या १,४१५ जीवांची त्यांनी यादी केली, त्यातले १७५ 'नव्याने उद्भवणारे' धरले, आणि त्यातल्या १३२ जीवांचा संसर्ग प्राणी आणि माणूस यांच्यात होऊ शकतो असं दाखवलं. 'प्राणी' म्हणजे गायी-डुकरंही आली. 'वन्य' हा शब्द आपण चिकटवलेला! आणि मोजले ते जीवांचे प्रकार, रुग्ण नव्हेत. हजारोंना मारणारा विषाणू आणि मोजक्या लोकांत सापडलेला जंतू, दोघांचं वजन सारखंच.

दुसरा पेपर जोन्स आणि सहकाऱ्यांचा, 'नेचर', २००८. इथे १९४० ते २००४ मधल्या ३३५ 'घटना' आहेत. ६०.३ टक्के प्राण्यांशी संबंधित, त्यातल्या ७१.८ टक्के वन्यजीवांतून. गुणाकार करा: एकूण घटनांच्या साधारण ४३ टक्के. शिवाय औषधांना न जुमानणारे जीवाणूही इथे स्वतंत्र घटना म्हणून धरलेत. ते वगळले तर टक्केवारी पुन्हा बदलेल.

पेपर वाईट नाही हं. श्रीमंत देशांत तपासण्या जास्त, म्हणून रोगही जास्त 'सापडतात', हे लेखकांनी ओळखलं आणि त्यासाठी दुरुस्ती केली. पण ती कशावरून? एकाच अमेरिकी नियतकालिकात कुठल्या देशाचे लेखक किती, यावरून. प्रयत्न प्रामाणिक, माप मात्र तोकडं.

माझी खरी अडचण वेगळी आहे. मी काम करते गोचिडांवर. क्यासनूर जंगल रोग, म्हणजे आपला माकडताप, १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. २०१६ मध्ये त्याची साथ सिंधुदुर्गात दोडामार्गला आली. जोन्सच्या व्याख्येत 'घटना' म्हणजे रोगाचा माणसांतला पहिला उद्भव. त्यामुळे नंतरची ही सगळी वाटचाल त्या मोजणीत बसतच नाही. माकडं कुठे मेली, गोचीड कुठे वाढले, काजूच्या बागेत आणि पालापाचोळा गोळा करताना माणसं किती वेळ असतात, हे माझे प्रश्न. आणि त्यांच्या समर्थनासाठी मी वापरत होते असा आकडा, ज्याला यातलं काहीच दिसत नाही.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य काढलं. त्या जागी आता १९५७, २०१६ आणि दोन जिल्ह्यांचा नकाशा आहे. सर म्हणाले, "आता नकाशावर विचारतो."