वास्तव्य हाही अभ्यासक्रम : एडिंबरोच्या ग्रीष्मवर्गांचे एक परीक्षण

ऐतिहासिक नगरीत भरणाऱ्या एखाद्या ग्रीष्मकालीन अभ्यासवर्गाचे माहितीपत्रक चाळले, तर त्याची दोन स्वतंत्र अंगे दिसून येतात. पहिल्या अंगात विषय, व्याख्याने आणि व्याख्याते ह्यांची सविस्तर नोंद असते. दुसऱ्यात, बहुधा शेवटच्या पानावर, प्रवास व निवास ह्यांविषयी काही सूचना असतात. पहिले अंग विद्येचे आणि दुसरे व्यवस्थेचे, ही वाटणी आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्यामागे एक शैक्षणिक भूमिका असते, हे सहसा ध्यानात येत नाही. प्रस्तुत टिपणात ह्या भूमिकेचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी पॅट्रिक गेडीस ह्यांनी १८८७ ते १८९९ ह्या काळात एडिंबरो येथे चालविलेल्या ग्रीष्मवर्गांचे उदाहरण घेतले आहे. हेच गेडीस पुढे १९१९ ते १९२४ ह्या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्या विषयांचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्यामागून त्या विभागाची धुरा गो. स. घुर्ये ह्यांच्याकडे आली. तेव्हा महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा विषय अगदीच परका वाटू नये.

सुट्टीच्या दिवसांत प्रौढांसाठी अभ्यासवर्ग भरविण्याची कल्पना काही गेडीस ह्यांची नव्हे. अमेरिकेत शटॉक्वा सरोवराच्या काठी १८७४ पासून असे मेळावे भरू लागले होते, आणि ऑक्सफर्डनेही १८८८ साली आपला पहिला ग्रीष्मवर्ग भरविला. शटॉक्वाला आलेली मंडळी आरंभी तंबूंत राहात; नगराच्या गजबजाटापासून दूर, निसर्गाच्या सान्निध्यात चित्त एकाग्र व्हावे, असा त्यामागील हेतू. गेडीस ह्यांनी जागा निवडली ती नेमकी ह्याच्या उलट.

एडिंबरोचे जुने शहर म्हणजे किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत गेलेला एक लांबट डोंगरकणा. त्याच्या माथ्यावरून राजरस्ता जातो आणि दोन्ही अंगांना अरुंद बोळ उतरतात. १७६७ साली नव्या शहराचा आराखडा स्वीकारला गेल्यावर धनिक आणि सुशिक्षित कुटुंबे क्रमाक्रमाने तिकडे राहावयास गेली. ज्या जेम्स कोर्टात एके काळी डेव्हिड ह्यूम ह्यांच्यासारख्या तत्त्वज्ञाचे बिऱ्हाड होते, तेथे शतकभरानंतर गरीब कुटुंबांची दाटी झाली होती. १८८६ साली विवाह झाल्यानंतर गेडीस आणि त्यांच्या पत्नी ॲना हे दोघे ह्याच जेम्स कोर्टात बिऱ्हाड करून राहिले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींची रंगसफेती करणे, अंगणे झाडून काढणे, मोकळ्या जागी झाडे लावणे, अशा कामांना त्यांनी आरंभ केला. १८८७ साली जवळच त्यांनी विद्यार्थिनिवास उघडला. त्यावर कोणी अधीक्षक नेमलेला नव्हता; निवासाचा कारभार राहणाऱ्यांनीच पाहावा, असा नियम होता. पुढे १८९० नंतरच्या काही वर्षांत किल्ल्याच्या पायथ्याशी रॅम्झी गार्डनची घरे उभी राहिली. ऑगस्टमध्ये ग्रीष्मवर्ग भरे तो ह्या परिसरात, आणि बाहेरगावाहून आलेल्या मंडळींची सोयही ह्याच निवासांतून होत असे.

ही निवासव्यवस्था आणि तेथील शिक्षण ह्यांचा संबंध केवळ सोयीचा नव्हता. सकाळी व्याख्याने आणि दुपारी प्रत्यक्ष अवलोकन, असा वर्गाचा सर्वसाधारण क्रम असे. फ्रेंच भूगोलज्ञ एलिझे रक्ल्यू ह्यांच्यासारखे विद्वान तेथे व्याख्याने देऊन गेले. परंतु त्या व्याख्यानांचा पडताळा पाहावयास विद्यार्थ्याला कोठे दूर जावे लागत नसे. निवासाच्या दाराबाहेर पाऊल टाकले की भूरचना, वस्ती, व्यवसाय आणि इतिहास ह्यांचे थर त्याच्यापुढे उघडे असत. १८९२ मध्ये गेडीस ह्यांनी ताब्यात घेतलेला निरीक्षण-मनोरा हे ह्या पद्धतीचे मूर्त रूप होय. मनोऱ्याच्या माथ्यावरील अंधाऱ्या खोलीत भिंगे व आरसा ह्यांच्या साहाय्याने सभोवतालच्या नगराचे जिवंत चित्र एका पांढऱ्या मेजावर उमटे. पाहणाऱ्याने आधी माथ्यावर जावयाचे आणि मग मजल्यामजल्याने खाली उतरावयाचे. प्रथम एडिंबरो, मग स्कॉटलंड, नंतर इंग्रजी भाषकांचे देश, त्याखाली युरोप आणि तळमजल्यावर सारे जग, असा तो क्रम होता. विद्यार्थी आलेला असे दूरदेशाहून; पण ज्ञानाचा प्रवास मात्र त्याने ज्या गल्लीत रात्र काढली तिच्यापासून सुरू करावयाचा. रिडल्स कोर्टाच्या प्रवेशकमानीवर कोरलेले गेडीस ह्यांचे लॅटिन बोधवाक्य हेच सांगते : आपण जगता जगता शिकतो.

ह्या वर्गांचे आणखी एक श्रेय नोंदविले पाहिजे. स्कॉटलंडच्या विद्यापीठांत स्त्रियांना पदवीसाठी रीतसर प्रवेश १८९२ मध्ये मिळाला. ग्रीष्मवर्गांची दारे त्यापूर्वीपासूनच स्त्रियांना खुली होती, आणि शाळांतून शिकविणाऱ्या अनेक स्त्रियांनी त्यांचा लाभ घेतला.

एवढे श्रेय दिल्यानंतर ह्या प्रयोगाच्या मर्यादांकडे वळणे प्राप्त आहे. पहिली मर्यादा शेजाऱ्यांविषयीची. जुन्या शहरातील कष्टकरी कुटुंबांसाठी गेडीस व त्यांचे सहकारी ह्यांनी काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक जीर्ण घरे त्यांनी ह्याच कुटुंबांसाठी दुरुस्त करविली. तथापि ग्रीष्मवर्गात ह्या शेजाऱ्यांचे स्थान कोणते होते? त्यांचे घर, त्यांचा धंदा आणि त्यांची गल्ली हे अवलोकनाचे विषय होते. ते स्वतः अवलोकन करणारे नव्हते. पाहुण्याने चार आठवडे वस्तीत राहून वस्तीविषयी शिकावे, आणि वस्तीने मात्र पाहुण्याविषयी अथवा स्वतःविषयी काही शिकण्याची योजना असू नये, हे जगता जगता शिकण्याच्या तत्त्वाशी सुसंगत नाही. शिवाय रॅम्झी गार्डनमधील घरे प्राध्यापकवर्गाला आणि सुस्थित कुटुंबांना परवडणारी होती. जुन्या शहरात विद्येचे पुनर्वसन झाले खरे, पण तेथे कोणी राहावयाचे हा प्रश्न त्याबरोबरच नव्याने उभा राहिला.

दुसरी मर्यादा द्रव्याची. घरे विकत घ्यावयाची, दुरुस्त करावयाची आणि त्यांतून विद्यार्थ्यांना राहू द्यावयाचे, ह्या उद्योगाचा आर्थिक भार गेडीस ह्यांना पेलेनासा झाला, आणि १८९६ मध्ये तो सांभाळण्यासाठी ‘टाउन अँड गाउन असोसिएशन’ ही कंपनी स्थापन करावी लागली. वर्गांची मालिका १८९९ मध्ये थांबली. ज्या योजनेत निवास हाच अभ्यासक्रमाचा कणा असतो, तिच्यात घरभाड्याचा हिशेब हादेखील शैक्षणिक प्रश्न होतो, हे ह्यावरून दिसते. व्याख्यात्याची व्याख्याने उत्साहाच्या बळावर चालू शकतात. छपराची दुरुस्ती तशी चालत नाही. आणि ज्याला ऑगस्ट महिन्यातही मजुरी करून पोट भरावयाचे होते, त्याच्यासाठी ह्या वर्गांची दारे खुली असूनही बंदच होती.

नेमक्या ह्याच ठिकाणी आपल्याकडील एका प्रयत्नाची आठवण होते. गेडीस ह्यांचा आणि त्या प्रयत्नाचा प्रत्यक्ष संबंध नाही, पण प्रश्न एकच आहे. पुण्यात शिकावयास आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून अथवा वार लावून जेवत असे. नगर आणि विद्यार्थी ह्यांचे ते एक नातेच होते, पण ते जातीच्या उंबरठ्यापाशी थांबणारे. खेड्यांतून येणाऱ्या इतर जातींच्या मुलांना गावात पाय टेकावयास जागा नव्हती. शिक्षणाचा प्रश्न हा आधी निवासाचा प्रश्न आहे, हे छत्रपती शाहू महाराजांनी ओळखले, आणि १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या वसतिगृहापासून कोल्हापुरात विविध समाजांच्या वसतिगृहांची परंपरा सुरू झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. ही वसतिगृहे जातवार होती, ही त्यांची मर्यादा. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहू व जेवू लागली, तेव्हा निवास हे शिक्षणाचे केवळ साधन न राहता स्वतःच एक पाठ झाला. गेडीस ह्यांनी ‘राहण्यातून काय शिकता येते’ हा प्रश्न विचारला. कोल्हापूर-साताऱ्याने त्याआधीचा प्रश्न विचारला : ‘राहावयास मिळते कोणाला?’ ग्रीष्मवर्गाची समीक्षा ह्या दोन्ही प्रश्नांवाचून पुरी होत नाही.

आजच्या एडिंबरोत हे दोन्ही प्रश्न अधिक तीव्र झाले आहेत. १९४७ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी स्कॉटिश विद्यापीठांचा आंतरराष्ट्रीय ग्रीष्मवर्गही त्याच साली सुरू झाला. कालांतराने महोत्सवाचा पसारा एवढा वाढला की ऑगस्टमध्ये शहरातील निवासाचे दर आकाशाला भिडू लागले. विद्यापीठाची वसतिगृहेही उन्हाळ्यात प्रवाशांना भाड्याने दिली जातात. जुने व नवे शहर १९९५ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. अल्पमुदतीच्या भाड्यामुळे रहिवाशांस घरे मिळेनाशी झाल्याची तक्रार वाढत जाऊन अखेरीस २०२२ मध्ये संपूर्ण शहर नियंत्रणक्षेत्र म्हणून जाहीर करावे लागले. गेडीस ह्यांनी ज्या बोळांत विद्यार्थ्यांना शेजारी म्हणून वसविले, तेथे आता विद्यार्थी आणि शेजारी दोघांनाही जागा मिळणे कठीण झाले आहे.

आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्याचा अर्थ उघड आहे. परदेशातील एखाद्या वर्गात प्रवेश मिळतो, शुल्कही माफ होते. पण विमानभाडे, प्रवेशपरवाना आणि तीन आठवड्यांचे घरभाडे ह्यांची बेरीज केल्यावर ते प्रवेशपत्र कागदच राहते. शुल्कमाफी म्हणजे शिष्यवृत्ती, ही समजूत त्यामुळे तपासून पाहावयास हवी. आणि हा दोष केवळ परदेशातील वर्गांचा नाही. पैठण, वाई अथवा नाशिक येथे आपण अभ्यासवर्ग भरविला आणि विद्यार्थ्यांना गावाबाहेरच्या निवासात उतरवून वाहनाने घाटावर व देवळापर्यंत नेऊन आणले, तर त्यांनी ती नगरी पाहिली असे म्हणता येईल. तेथे त्यांचे वास्तव्य झाले असे म्हणता येणार नाही. गावातील एखादी शाळा, धर्मशाळा किंवा वाडा ह्यांत उतरण्याची सोय करणे, मंडईतून भाजी आणण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविणे, आणि वर्गाच्या अखेरच्या दिवशी गावकऱ्यांना श्रोते म्हणून नव्हे, तर टीकाकार म्हणून बोलावणे, ह्याला फारसा खर्च येत नाही. ज्याला खर्च येतो ती बाब, म्हणजे दूरच्या जिल्ह्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रवासभाडे; आणि ते व्याख्यात्यांच्या मानधनाच्या आधी अंदाजपत्रकात मांडले गेले पाहिजे. विभागाच्या पुढील ग्रीष्मवर्गाचे माहितीपत्रक तयार होईल, तेव्हा प्रवास व निवास ह्यांचे पान शेवटी न घालता पहिले घालावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते.