हा प्राणी खरा होता का?

प्राचीन शिल्पांतले पुराणप्राणी शाळेत कसे शिकवावेत, हा आजचा विषय. मी सुरुवात एका सहलीपासून करतो. नातवाच्या वर्गाबरोबर सिन्नरच्या गोंदेश्वराला गेलो होतो. सातवीची मुलं. हे मंदिर यादवकाळातलं. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर सोडायला तिथे दगडी मकरमुख आहे. मुलांच्या हातात छापील कागद होता, 'जोड्या लावा'. एका बाजूला मकर, व्याल, कीर्तिमुख. दुसऱ्या बाजूला वर्णनं.

एका मुलीनं विचारलं, "सर, हा प्राणी खरा होता का?" सर म्हणाले, "नाही गं, काल्पनिक." सोबतचे एक पालक म्हणाले, "पूर्वी असेलही, आता नामशेष झाला असेल." मुलीनं कागदावर रेघ ओढली आणि पुढे गेली.

माझा आक्षेप दोन्ही उत्तरांवर आहे. एकानं शिल्पकाराला थापाड्या ठरवलं, दुसऱ्यानं छायाचित्रकार. आणि दोघांनीही त्या मुलीचं बघणं थांबवलं.

आपल्याकडे नैयायिकांनी 'सशाचं शिंग' या उदाहरणावर बराच खल केला. त्यांचं म्हणणं असं, की ससा खरा, शिंगही खरं. दोघांचा संबंध तेवढा नाही. आता मकर बघा. जबडा मगरीचा, सोंड हत्तीची, शेपूट माशाचं. प्रत्येक अवयव कुणीतरी नीट पाहिलेला आहे. जोडणी शिल्पकाराची. हे सातवीच्या मुलाला कळत नाही, असं कोण म्हणेल?

पण नुसतं तर्कशास्त्र इथे पुरत नाही. पुढचा प्रश्न विचारायला हवा: तो इथेच का? मकर हे गंगेचं वाहन, वरुणाचंही. म्हणून तीर्थ बाहेर पडतं तिथे तो बसवला. कीर्तिमुखाला नुसतं तोंडच का? शिवानं सांगितलं म्हणून त्यानं स्वतःचं अंग खाल्लं, अशी पुराणकथा आहे. ही गोष्ट आधी सांगितली, तर मूल फक्त ऐकतं. "बाकीचं अंग कुठे गेलं?" हे आधी त्याला स्वतःला सुचू द्या, मग सांगा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दहा शिल्पं पळत पळत दाखवू नका. एकच दाखवा, अर्धा तास. चित्र काढायला लावा, कुठला अवयव कुणाचा ते लिहायला लावा, जागा बघायला लावा. नाव आणि कथा शेवटी. वेळ नसतो, पोर्शन पुरा करायचा असतो, हे मला माहीत आहे. मग एक मंदिर कमी करा.

शिक्षकांना दोष देऊन मी मोकळा होत नाही. सशाचं शिंग मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. एकाही विद्यार्थ्याला मकरासमोर नेलं नाही. आणि त्या दिवशी, ती मुलगी माझ्यापासून चार हातांवर होती. "यात काय काय खरं आहे, तूच शोध बघू," एवढं म्हणायला हवं होतं मी. म्हणालो नाही. तोवर शिट्टी वाजली, मुलं बसकडे निघाली.