चिनी सिंहनृत्याच्या प्रादेशिक शैली : एक चिकित्सा

प्रस्तावना
सिंह हा मूळ चीनमधील प्राणी नव्हे. पश्चिमेकडील व्यापारी मार्गांनी त्याची कल्पना तेथे पोहोचली आणि तांग काळापर्यंत तो नृत्यातून दिसू लागला. या नृत्याचे विवेचन करताना सामान्यतः 'उत्तरेचे' आणि 'दक्षिणेचे' असे दोनच भाग पाडले जातात. ही विभागणी सोयीची असली तरी ती अपुरी आहे आणि आजच्या स्पर्धात्मक रूपाचे मूल्यमापन करताना ती दिशाभूल करते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उत्तर व दक्षिण
उत्तरेकडील सिंहाचे सर्वांग केसाळ असते. दोन्ही नर्तकांचे पायही त्याच केसाळ वेषात झाकलेले असतात. उड्या, कोलांट्या आणि चेंडूशी चालणारा खेळ हे या नृत्याचे विशेष होत. दक्षिणेकडील, म्हणजे प्रामुख्याने ग्वांगडाँग प्रांतातील सिंहाचे मस्तक बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून घडविलेले असते. त्याला एक शिंग आणि कपाळावर आरसा असतो, तर डोळे, कान व जबडा हलते असतात. येथे कौशल्याचा केंद्रबिंदू मस्तक हा आहे.

दक्षिणेतील अंतर्गत भेद
तथापि दक्षिणेतही एकजिनसीपणा नाही. फोशान येथील शैली तेथील युद्धकलेच्या आखाड्यांत वाढली. तिचे मस्तक मोठे व जड असून पवित्रा खाली बसलेला, घट्ट असतो. तिच्या रंगांना त्रिराज्य काळातील वीरांचे संदर्भ आहेत : पिवळा सिंह ल्यू बेईचा, लाल गुआन यूचा आणि काळा झांग फेईचा. हशान शैलीचे श्रेय परंपरा फेंग गेंगझांग यांना देते. मांजराच्या हालचाली न्याहाळून त्यांनी पदन्यास व ढोलवादन बदलले, असे सांगितले जाते. या सिंहाचे तोंड बदकाच्या चोचीसारखे चपटे, अंग आखूड आणि चाल चपळ असते. तात्पर्य, एका शैलीत योद्ध्याचे बळ दिसते, तर दुसरीत प्राण्याचा स्वभाव.

स्पर्धेचा परिणाम
दक्षिणी सिंहनृत्याचा गाभा 'हिरवे तोडणे' या विधीत आहे. टांगलेल्या वा मांडलेल्या पालेभाजीकडे सिंह संशयाने जातो, हुंगतो, दचकतो, मागे सरतो, शेवटी ती खातो आणि पाने उधळतो. भाजीचे कँटनीज नाव संपत्तिवृद्धीच्या उच्चाराशी जुळते, म्हणून हे उधळणे शुभ. आनंद, क्रोध, शोक, हर्ष, गती, स्थैर्य, भय व शंका या आठ अवस्था दाखविण्यास येथे अवकाश मिळतो.

मलेशियात विकसित झालेल्या उंच खांबांवरील नृत्याने हे संतुलन बदलले. गेन्टिंग येथे १९९४ पासून जागतिक स्पर्धा सुरू झाल्या आणि माणसाच्या उंचीहून उंच खांबांवरील झेप ही कौशल्याची सर्वमान्य खूण ठरली. अशा झेपेस हलके मस्तक व चपळ पाय हवेत. परिणामी हशानची वैशिष्ट्ये सोयीची ठरली आणि फोशानचा जमिनीशी घट्ट असलेला पवित्रा मागे पडला. शंकेचा क्षण दाखविण्यास जो विलंब लागतो, तो झेपांच्या मालिकेत खर्चिक ठरतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, हशान शैली हीसुद्धा एके काळी नावीन्यच होती; शिवाय खांबांमुळे तरुण पिढी या कलेकडे वळली. आक्षेप रास्त आहे. परंतु फेंग यांच्या बदलाने सिंहाच्या स्वभावाची अभिव्यक्ती वाढली, तर आजच्या बदलात नर्तकाच्या धाडसाची मोजणी वाढली. दोन्हींना केवळ 'विकास' म्हणणे योग्य होणार नाही.

निष्कर्ष
२००६ मध्ये चीनने सिंहनृत्याचा राष्ट्रीय अमूर्त वारसा सूचीत समावेश केला. त्यात हबेई प्रांतातील शूश्वेई आणि ग्वांगडाँगच्या परंपरा स्वतंत्रपणे नोंदविल्या, हे उचितच होय. मात्र नोंदीने शैली टिकत नाही. परीक्षक ज्या गोष्टीस गुण देतात, तीच शिकविली जाते. म्हणून मस्तकाची भावाभिव्यक्ती व ढोलाशी असलेला मेळ यांना झेपेइतकेच वजन मिळाले, तरच या नृत्याचे प्रादेशिक वैविध्य प्रत्यक्ष सादरीकरणात टिकून राहील.